‘तू’वरून ‘तुमी’वर

काचबिंदूने आईची दृष्टी गेली तेव्हा ती पंच्याहत्तरच्या आसपास असेल. जन्मतारीख तिच्याकडे नव्हतीच. मी तिला गावाकडून परळीला माझ्याकडे आणलं. गाव दिंद्रुडच्या पुढचं, सात-आठ किलोमीटरवरचं. तिथे तिला न बघताही सगळं सापडायचं. चूल, रांजण, शेजारणीचं दार. इथे तिसऱ्या मजल्यावर तिला काहीच सापडेना. दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसायची आणि कट्ट्यावरून बोट फिरवून बघायची. बोटाला वीज केंद्राची राख लागायची. “सकाळीच पुसलं व्हतं ना ग?” म्हणायची. पुसलेलंच असायचं.

मी कॉलेजात मराठी शिकवते. बावीस वर्षं झाली. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला एक जुनी कादंबरी आहे, तिच्यातला एक जमीनदार, त्याची माणसं, त्याच्या शेतावरची कुटुंबं. त्या कादंबरीवर मी नेहमी एकच व्याख्यान देत आले: संवादातून व्यक्तिचित्रण. टिपणं पिवळी पडली होती, कोपरे दुमडलेले होते, पण चालत होतं. त्या वर्षी नवीन टिपणं काढायची म्हणून मी पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं, आणि आई एकटी बसून कंटाळते म्हणून मोठ्याने वाचू लागले. दुपारी साडेतीनला घरी यायचं, चहा करायचा, तिच्यासमोर बसायचं.

आईने आयुष्यात कादंबरी ऐकलेली नव्हती. गाणी ऐकली होती, बुद्धवंदना पाठ होती, भाषणं ऐकली होती. पहिल्या दिवशी तिने विचारलं, “हे घडलेलं हाय का खरंच?”

“नाही. लेखकानं रचलंय.”

“मंग एवढं बारीक कशाला सांगतोय?”

मी पुढे वाचू लागले. ती ऐकत राहिली. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं, की कोण बोलतंय हे तिला सांगावं लागत नाही. “तो म्हणाला”, “ती म्हणाली” मी गाळलं तरी तिला माणूस कळायचा. जमीनदाराची आई सुनेला उठता-बसता टोचून बोलते, तो भाग वाचला तेव्हा आई हसली. “म्हातारीला सून आवडती.”

“आवडती? सगळं प्रकरणभर शिव्या देतीय ती.”

“शिव्या देती, पण सारखी तिलाच हाका मारती. दुसऱ्या सुनेला एक तरी हाक मारली का?”

मी पानं उलटून बघितली. नव्हती मारली. बावीस वर्षं मी ते प्रकरण शिकवत होते.

त्यानंतर मी तिला मुद्दाम विचारू लागले. हा कसा माणूस आहे, ती कशी बाई आहे. ती पटकन सांगायची नाही. तेच वाक्य पुन्हा वाचायला लावायची. कधी म्हणायची, “ह्यो बोलतोय एकाला, पन ऐकवायचंय दुसऱ्याला.” कधी म्हणायची, “असं बाया बोलत न्हाईत. हे लिहिनाऱ्यानं गड्याच्या तोंडचं बाईच्या तोंडात घातलंय.” मी तिचं बोलणं टिपून घ्यायचे. खरं सांगायचं तर मजा येत होती. माझी आई, सही करताना अंगठा देणारी, आणि मी पीएच.डी. झालेली, तिच्यासमोर वही घेऊन बसलेली.

मग मधलं प्रकरण आलं. जमीनदाराच्या विहिरीचं काम चाललेलं असतं. दरड कोसळते आणि एक गडी खाली दबून मरतो. जमीनदार स्वतः त्याच्या बायकोकडे जातो. आजवर तिच्या वस्तीत त्याने पाय टाकलेला नसतो. तो दाराबाहेर उभा राहतो आणि म्हणतो, “बाई, तुम्ही काळजी करू नका. तुम्ही आमच्याच घरच्या.” एवढाच संवाद. सगळी गाइडं सांगतात, आणि मीही सांगत आले, की वरून कठोर दिसणाऱ्या या माणसाच्या आतला कळवळा इथे प्रकटतो. परीक्षेत हा प्रश्न हमखास असतो.

मी वाचलं. आईने मान खुर्चीला टेकवली. मला वाटलं, झोप लागली.

“परत वाच,” ती म्हणाली.

मी वाचलं.

“ह्यो भ्यालाय.”

“कोण?”

“ह्योच. जमीनदार.”

“अगं, तो तिला धीर देतोय.”

“आदी काय म्हणत व्हता तिला?”

मी मागे जाऊन बघितलं. ‘ए’. ‘अगं ए’. ‘तुझा दादला कुठंय?’

“मंग? धीर द्यायचा असंल तर ‘तू’ म्हणून देता येत न्हाई का? ‘तू रडू नको, मी हाय’ असं म्हणला असता. जलमभर ‘तू’ म्हणनारा मानूस एकदम ‘तुमी’वर आला म्हंजी त्यानं काईतरी केलंय.”

मी वादाला उभी राहिले. शिकवणाऱ्याची सवय. म्हणाले, मृत्यूपुढे माणूस नम्र होतो, बोली बदलते, वगैरे. तिने ऐकून घेतलं. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “तुझ्या बापाच्या टायमाला मालक बी ‘तुमी’ म्हणला व्हता.”

माझे वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि भाऊ सहा. वडील गावातल्या मालकांकडे सालगडी होते, वर्षाच्या बोलीवर राबणारे. विहिरीवरची मोटर सुरू करताना शॉक लागून गेले. ओल्या हाताने स्टार्टर दाबला, असं सगळ्या गावाने सांगितलं. पंचनाम्यातही तेच आलं असणार. आम्ही तेच ऐकत मोठे झालो. मी स्वतः कितीतरी वर्षं ओल्या हाताने घरातला दिवासुद्धा लावला नाही.

आईने त्या दुपारी सांगितलं ते असं. वडील जाण्याच्या चार दिवस आधीपासून घरी म्हणत होते, स्टार्टरच्या पेटीला करंट उतरतोय, हात लावला की झिणझिण्या येतात. त्या दिवशी सकाळीही म्हणाले. दहाच्या सुमाराला मालक आला. आमच्या वस्तीत तो कधी येत नसे. काम असलं की रस्त्यावरून ओरडायचा, “ए, नवऱ्याला लावून दे तुझ्या.” त्या दिवशी तो आमच्या दारापर्यंत आला, आत आला नाही, आणि म्हणाला, “बाई, तुमी जरा बसून घ्या.”

“‘तुमी’ ऐकलं मी,” आई म्हणाली. “तुझा बाप मेला हे मला तवाच कळालं. पुढचं त्यानं सांगायच्या आदी.”

“आणि?”

“सांगितलं त्यानं. मी खाली बसले. लगीच त्यानं इचारलं, ‘सकाळी घरून निघताना मोटारीचं काई बोलला व्हता का तुमच्यापाशी?’”

“तू काय म्हणालीस?”

“न्हाई म्हणले.”

“आई!”

“न्हाई म्हणले. तू तिथं परकर धरून उभी व्हतीस. बारकं पोरगं आत व्हतं. हो म्हणले असते तर कुठं राहिलो असतो आपन?”

मला ते काहीच आठवत नव्हतं. मी तिथे उभी होते आणि मला काहीच आठवत नव्हतं. या चाळीस वर्षांत मालक मला नंतरचाच आठवत होता. त्याच्याच चिठ्ठीवर मला बीडच्या वसतिगृहात जागा मिळाली. दहावीला पहिली आले तेव्हा त्याने गावासमोर सत्कार केला आणि मी त्याच्या पाया पडले. त्याचा मुलगा आज आमचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या मंडळावर आहे. आईने ती चिठ्ठी घेतली कारण मला शिकवायचं होतं. त्याने ती दिली कशासाठी, हे तिला माहीत होतं.

त्या दिवशी मी पुढे वाचलं नाही. रात्री सैपाक झाल्यावर मात्र पुस्तक घेऊन बसले आणि मागची पानं चाळू लागले. चाळीस पानं अलीकडे, विहिरीच्या कामाच्या वर्णनात, मुकादमाच्या तोंडी एक वाक्य होतं. “सरकार, पूर्वेची बाजू ढिली झालीया.” आणि जमीनदार म्हणतो, “संध्याकाळपर्यंत काम उरकलं पाहिजे.” लेखकाने सगळं ठेवलं होतं. तो फक्त ओरडून सांगत नव्हता. मी, माझे शिक्षक, गाइडं लिहिणारे, सगळे त्या ओळीवरून पुढे गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी आईला ती ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, “लिहिनाऱ्याला ठावं व्हतं तर.” आणि मग, “तुझ्या बापासंगं अजून एकजन व्हता विहिरीवर.”

तो दुसरा सालगडी. वडील गेल्यावर महिन्याभरात मालकाने त्याला बीडजवळच्या पालीला आपल्या मेहुण्याच्या शेतावर पाठवलं होतं. तो तिकडेच राहिला. आईला एवढंच माहीत होतं. मी एका रविवारी एसटीने बीडला गेले आणि तिथून रिक्षाने पालीला. चार ठिकाणी विचारल्यावर घर सापडलं. धरणाच्या बाजूला, पत्र्याचं, दारात दोन शेळ्या. सत्तरी ओलांडलेला माणूस, हनुवटीवर पांढरे खुंट. मी कोणाची मुलगी ते सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला.

“बापावर गेलीस,” म्हणाला. “बस.”

मी पुष्कळ तयारी करून गेले होते. काय विचारायचं, कोणत्या क्रमाने. काहीच लागलं नाही. मी फक्त म्हणाले, “आई म्हणती, तुम्ही तिथं होता.”

“व्हतो.” त्याने सुनेला पाणी आणायला सांगितलं. ती आत गेल्यावर हळू आवाजात बोलू लागला. “तुझा बाप आदल्या दिशी मालकाला म्हणला, माझ्या म्होरं म्हणला, ‘मालक, पेटीला करंट उतरायलाय. वायरमनला बलवा.’ मालक म्हणला, ‘चपला घालून दाब की बे. एवढं काय हाय त्यात?’”

“मग?”

“मंग काय. तुज्या बापाला चप्पल कुठं व्हती? सकाळी लाईट आली. पाळी माझी व्हती मोटार लावायची.” तो गुडघ्यावर हात घासत राहिला. “मी पुढं झालतो. त्यो म्हणला, ‘तू सरक तिकडं. मी दाबतो. तुझी लेकरं अजून रांगत्यात. माझी जरा मोठी हाईत.’”

शेळी ओरडली. सून पाणी घेऊन आली. मी प्याले. काय चव होती, काय नव्हती.

“तुम्ही कुणालाच सांगितलं नाही?”

“कुनाला सांगू? मला दुसऱ्या दिशीच मालकानं बलवलं. म्हणला, ‘ओल्या हातानं दाबलं त्यानं. तू बगितलंस.’ इचारलं न्हाई, सांगितलं. मी बगितलं म्हणलो.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “माझी पोरं रांगत व्हती, पोरी.”

परत येताना एसटीत मी वडिलांचा आवाज आठवायचा प्रयत्न केला. आला नाही. मला ते अबोल आठवतात. जेवताना बोलायचे नाहीत, बाजारात बोलायचे नाहीत. त्यांचं एक पूर्ण वाक्य मला चाळीस वर्षांनी एका परक्या माणसाकडून मिळालं होतं, आणि ते शेवटचं होतं.

आईला मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, अभिमानाने काही बोलेल. ती खुर्चीच्या दांड्यावर मूठ आपटत म्हणाली, “मोठी व्हती व्हय लेकरं? सहा वर्साचं पोरगं मोठं असतं व्हय? अकरा वर्साची पोरगी? दुसऱ्याची लेकरं दिसली त्याला, सवताची दिसली न्हाईत!” मग तिने माझ्या वडिलांना एक शिवी दिली. मी तिच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकली. संध्याकाळी भाकरी मोडताना एवढंच म्हणाली, “तसंच बोलायचा त्यो. दुसऱ्याचं ओझं आपल्या डोक्यावर घ्यायचा, आन् वर म्हणायचा हलकंच हाय.”

कादंबरीची शेवटची ऐंशी पानं राहिली ती राहिलीच. तिने पुन्हा वाच म्हटलं नाही, मीही उघडली नाही. त्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. नऊ दिवस दवाखान्यात होती, दहाव्या दिवशी सकाळी गेली. आम्ही तिला गावी नेलं.

जलदान विधीच्या दिवशी गावातल्या घरासमोर मांडव होता. भन्तेजी येऊन गेले होते, जेवणं चालली होती. गाडी येऊन थांबली. मालक उतरला. ऐंशीच्या पुढचा, काठी घेऊन, दोन्ही बाजूंना दोन माणसं. मांडवातली माणसं उठून उभी राहिली. माझा भाऊ धावत गेला आणि खुर्ची घेऊन आला. माझा भाऊ त्यांच्या शाळेची बस चालवतो.

मालक बसला. हात जोडले. मला म्हणाला, “तुमची आई लई मोठ्या मनाची बाई.”

मी म्हणाले, “हो.”

“शेवटी शुद्धीवर व्हत्या का?”

“होत्या.”

“काई बोलल्या का?”

भाऊ माझ्याकडे बघत होता. मी त्याला पालीचं सगळं सांगितलं होतं. तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, “अक्का, तू परळीला जाशील. मला हितंच राहायचंय.” आत्ताही त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं.

मी मालकाकडे वळून म्हणाले, “दादा, पेटीला करंट उतरतो हे तुम्हाला आदल्या दिवशी सांगितलं होतं ना?”

मला वाटलं होतं तो भडकेल, किंवा ऐकलं नाही असं करेल, किंवा कोण सांगतं म्हणून विचारेल. त्याने यातलं काहीच केलं नाही. काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि जरा विचार करून, जणू मी एखादा हिशोबाचा प्रश्न विचारला असावा तसं, म्हणाला, “नंतर नवी पेटी बसवली की. आठ दिसात बसवली.”

सोबतचा माणूस म्हणाला, “दादा, ऊन वाढायलंय.” त्यांनी त्याला उठवलं. गाडी गेली. मांडवातल्या लोकांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. एका म्हातारीने मला पत्रावळ आणून दिली आणि खाली बसवलं. भाऊ उष्टी ताटं उचलू लागला. मी गावातून निघेपर्यंत त्याने माझ्याशी बोलणं टाळलं, आणि अजूनही सणासुदीचा फोन वहिनीच करते.

परळीला आल्यावर मी एका ओळखीच्या वकिलाकडे गेले. त्याने शांतपणे ऐकलं, चहा पाजला आणि विचारलं, “पालीचा माणूस जबाब देईल का?” मी पालीला पुन्हा गेले. तो दारात उभा राहिला, आत ये म्हणाला नाही. “मी तुला काई बोललो न्हाई,” म्हणाला. “नातू मालकाच्या कारखान्यात लागलाय.” मी परत फिरले. रागही आला नाही. माझी नोकरी कुठे आहे ते मला माहीत होतं.

पण त्या सत्रात मी ते मधलं प्रकरण वेगळं शिकवलं. आईचं नाव घेतलं नाही, गावाचं नाव घेतलं नाही. पोरांना फक्त दोन ओळी शेजारी-शेजारी वाचायला लावल्या, चाळीस पानांच्या अंतरावरच्या, आणि विचारलं, हा माणूस ‘तू’वरून ‘तुम्ही’वर कधी आला? का आला? मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “मॅडम, आमच्याकडं पण आलते असे. माझा मामा वारला तेव्हा.” मग आणखी एकाने हात वर केला. तास संपला तरी पोरं उठेनात. बावीस वर्षांत इतका चांगला तास माझा झालेला नाही.

दोन आठवड्यांनी प्राचार्यांनी बोलावलं. “मॅडम, तुमच्यावर फार लोड आहे,” ते म्हणाले. फाइल उघडी होती, त्यांनी ती मिटली. “कादंबरीचा पेपर यंदा दुसऱ्यांकडे देऊ. तुम्ही पहिल्या वर्षाचं व्यावहारिक मराठी घ्या. अर्ज, पत्रं, सूचना. हलकं आहे.” मी विचारलं नाही कोणी सांगितलं. त्यांनीही सांगितलं नाही.

आता मी अर्जलेखन शिकवते. मागच्या सोमवारी एक मुलगी तासानंतर थांबली. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती, चार महिने वर्गात नव्हती. हजेरी कमी पडली म्हणून तिला प्राचार्यांना अर्ज करायचा होता. कोरा कागद घेऊन आली होती.

“कारण काय लिहू, मॅडम?”

“खरं ते लिही.”

तिने पेन उचललं, ठेवलं. “खरं लिहिलं तर परीक्षेला बसू देतील का?”

मी नियम आठवून बघितले. ऊसतोडीला गेल्याचं कारण चालेल असं कुठे लिहिलेलं नव्हतं. आजारपण चालत होतं.

“लिही,” मी म्हणाले. “माझी प्रकृती ठीक नसल्यामुळे.”

तिने लिहून घेतलं. मी प्रकृतीतला ऱ्हस्व-दीर्घ तपासला आणि तिला सही कुठे करायची ते दाखवलं.